सिलोन लावताना रेडिओचा कान इतका हळू का पिळावा लागायचा? महागड्या शॉर्टवेव्ह रेडिओंनी हे कोडं असं सोडवलं

बुधवारची रात्र, आठची वेळ आणि 'बिनाका गीतमाला'. आज साठी-सत्तरीत असलेल्या कुणालाही विचारा, हे समीकरण पाठ असतं.

१९५२ मध्ये बी. व्ही. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास गायब झाली. केसकर मूळचे पुण्याचे आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर भोक्ते. पण श्रोत्यांना गाणी हवीच होती. मग सातारा-सांगलीपासून पार उत्तरेपर्यंत लोकांनी रेडिओचा काटा श्रीलंकेकडे वळवला. रेडिओ सिलोनवर अमीन सयानींचा आवाज घुमायला लागला.

यात एक अडचण होती. सिलोन शॉर्टवेव्हवर यायचं आणि शॉर्टवेव्हवर स्टेशन लावणं म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखं काम. घरात एखादाच माणूस असायचा ज्याचा 'हात बसलेला' असायचा. बाकीच्यांनी हात लावला की गाणं गेलंच, उरायची ती खरखर.

दोष त्या बाकीच्यांचा नव्हता. दोष होता त्या गोल बटणाचा, म्हणजे ज्याला आपण 'रेडिओचा कान' म्हणतो त्याचा. तो कान नीट पिळता यावा यासाठी जगभरच्या इंजिनिअर लोकांनी पुढची कित्येक वर्षं डोकं लावलं. शॉर्टवेव्हच्या दर्दी मंडळींमध्ये आजही कुठला रिसिव्हर भारी यावर वाद होतो तेव्हा गाडी या कानावर येऊन थांबतेच.

मिडियम वेव्ह सोपं, शॉर्टवेव्ह अवघड. असं का?

त्यासाठी एक सोपं गणित करू.

आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं. त्याची मिडियम वेव्हवरची जागा १२५१ किलोहर्ट्झ. मिडियम वेव्हचा पट्टा साधारण ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा. आपल्याकडे या पट्ट्यात दर ९ किलोहर्ट्झला एक जागा असते, म्हणजे एकूण १२० जागा.

आता समजा रेडिओची काच १५ सेंटीमीटर लांब आहे. १२० जागा तिच्यावर सारख्या पसरल्या, तर दोन जागांमधलं अंतर येतं सव्वा मिलिमीटर. काटा इकडेतिकडे झाला तरी सांगली सापडतंच.

त्याच काचेवर शॉर्टवेव्हचा पट्टा असतो ६ ते १८ मेगाहर्ट्झचा. इथे स्टेशनं ५ किलोहर्ट्झच्या अंतराने बसतात. म्हणजे जागा झाल्या २,४००. त्याच १५ सेंटीमीटरमध्ये. दोन जागांमधलं अंतर किती उरलं? ०.०६ मिलिमीटर. साधारण माणसाच्या एका केसाच्या जाडीइतकं.

खऱ्या काचेवरचे आकडे असे सारख्या अंतरावर नसतात, पण मुद्दा तोच राहतो. बोटाच्या एका हलक्या झटक्यात दहा-वीस जागा मागे पडायच्या. म्हणून सिलोन लावणाऱ्याला श्वास रोखून कान पिळावा लागायचा.

साध्या रेडिओंचा आणखी एक घोळ होता. त्यांच्या आतल्या रचनेमुळे एकच जोरदार स्टेशन काचेवर दोन ठिकाणी ऐकू यायचं. आत ४५५ किलोहर्ट्झची मधली फ्रिक्वेन्सी वापरली असेल, तर दुसरी नकली जागा त्याच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ खाली सापडायची. स्टेशन ११९०५ वर असलं तरी ते १०९९५ च्या आसपासही वाजायचं. त्यामुळे आपण काचेवर नेमके कुठे आहोत हे खात्रीने सांगता येत नसे.

जेव्हा २ मिलिमीटरवर बरंच काही अवलंबून होतं

गाणं हुकलं तर फार तर चिडचिड व्हायची. पण त्याच्या दहा वर्षं आधी शॉर्टवेव्हवर याहून मोठा मामला चालला होता.

१९४२ चा ऑगस्ट. 'चले जाव'ची घोषणा झाली, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. अशा वेळी उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. यंत्रसामग्रीसाठी शिकागो रेडिओ कंपनीच्या नानक मोटवानींची मदत झाली. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून केंद्राची जागा सतत बदलली जायची.

तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुकेही येत. हा सगळा भाग त्या दिवसांत पेटलेला होता. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. पुढच्या वर्षी याच पट्ट्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. देशात काय चाललंय हे सरकारी गाळणीशिवाय कळणं तेव्हा किती मोलाचं होतं, ते वेगळं सांगायला नको.

काँग्रेस रेडिओ आपली जागा सांगायचा ती ४२.३४ मीटर. तेव्हा काचेवर आकडे मीटरमध्ये असायचे. आता मगाचंच गणित लावा. ४२ मीटर आणि ४३ मीटर या दोन खुणांमध्ये येतात जवळपास १६५ किलोहर्ट्झ. १५ सेंटीमीटरच्या काचेवर हे अंतर भरतं फक्त २ मिलिमीटर. त्या २ मिलिमीटरमध्ये ४२.३४ शोधायचं. केंद्र छोटं, आवाज क्षीण आणि वरून सरकार मुद्दाम गोंगाट सोडून तो दाबायच्या प्रयत्नात.

१२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी छापा घातला आणि हा रेडिओ थांबला. तीन महिनेही पूर्ण झाले नव्हते. पण जोपर्यंत तो चालला, तोपर्यंत ऐकणाऱ्याचं कौशल्य बोटांतच होतं.

उपाय पहिला : दोरी, गिअर आणि जड चाक

हे कोडं सोडवायला सुरुवात झाली ती यंत्राच्या बाजूने.

जुन्या रेडिओत बटणाच्या दांड्याला दोरी गुंडाळलेली असायची. ती दोरी मोठी चकती फिरवायची आणि काटा सरकवायची. बटण बरंच फिरवलं की काटा थोडा सरकणार, हा साधा हिशोब. पण दोरी सैल झाली की बटण फिरतं आणि काटा जागेवरच राहतो. रेडिओ दुरुस्ती करणाऱ्यांकडे दोरी बदलायचं काम हमखास यायचं ते यामुळेच.

ब्रिटनच्या एडिस्टोन कंपनीने बटणामागे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील बसवलं. बटणाला एक झटका दिला की काटा स्वतःच्या वेगाने पट्टाभर सरकत जायचा आणि बोट टेकवलं की थांबायचा. लांब जायचं असेल तर झटका द्यायचा, जवळ शोधायचं असेल तर हळू फिरवायचं. एकाच बटणात दोन वेग मिळाले.

अमेरिकी लष्करासाठी कॉलिन्स कंपनीने १९५० च्या दशकात आर-३९०ए नावाचा रिसिव्हर बनवला. वजन पस्तीस किलोच्या वर. यात दोन मोठी बटणं होती. एकाने मेगाहर्ट्झ निवडायचा, दुसऱ्याने त्या मेगाहर्ट्झच्या आत फिरायचं. काटा आणि काच दोन्ही गेले. त्यांच्या जागी गाडीच्या किलोमीटर मीटरसारखे फिरणारे आकडे आले. दुसऱ्या बटणाच्या एका फेऱ्यात १०० किलोहर्ट्झ, म्हणजे दहा फेऱ्यांत एक मेगाहर्ट्झ. आकडा दिसतोय तिथेच तुम्ही आहात, ही खात्री पहिल्यांदा मिळाली. आत मात्र गिअरचं जंगल होतं.

दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर वॅडली यांनी तीच खात्री इलेक्ट्रॉनिक्सच्या युक्तीने मिळवली. त्यावर ब्रिटनच्या रॅकल कंपनीचा आरए-१७ उभा राहिला. त्यात आकडे सिनेमाच्या रिळासारख्या लांब पट्टीवर छापले होते आणि ती पट्टी खिडकीमागून सरकायची. काच लांब करता येत नाही, मग पट्टीच गुंडाळून ठेवली. पुढे १९७० च्या दशकात जपानच्या याएसू कंपनीने हीच युक्ती एफआरजी-७ मध्ये आणली आणि लष्करी दर्जाचं ट्युनिंग हौशी माणसाच्या आवाक्यात आलं.

उपाय दुसरा : आकडा टाइप करा. पण त्यातही गोची होती

मग सिंथेसायझर आला. आता ११९०५ हवंय तर कॅल्क्युलेटरसारखी बटणं दाबायची. काम झालं. १९८० च्या दशकातला सोनीचा आयसीएफ-२००१डी हा सोबत नेता येणारा रेडिओ याच सोयीमुळे गाजला.

मग गोल बटण काढूनच का टाकलं नाही?

कारण शॉर्टवेव्हवर माणूस बऱ्याचदा पत्ता माहीत नसलेलं घर शोधत असतो. कुठे काय ऐकू येतंय हे चाचपत जायचं असतं. ते आकडे दाबून होत नाही. शिवाय सुरुवातीचे डिजिटल रेडिओ पायऱ्या चढल्यासारखे सरकायचे. प्रत्येक पायरीला आवाज क्षणभर बंद व्हायचा किंवा 'फक्-फक्' असा ऐकू यायचा. दोन पायऱ्यांच्या मध्ये एखादं क्षीण स्टेशन असेल तर ते कळायचंही नाही.

पायरी किती बारीक हवी, यातही पेच आहे. नेहमीच्या प्रसारणाला १ किलोहर्ट्झची पायरी चालून जाते. पण हॅम, जहाजं आणि विमानं 'सिंगल साइडबँड' पद्धतीने बोलतात. तिथे १०० हर्ट्झची चूक झाली तरी बोलणाऱ्याचा आवाज बदलतो. त्याहून जास्त चुकलं की माणूस बदकासारखा बोलायला लागतो. तिथे १० हर्ट्झची पायरी लागते.

आता बटणाच्या एका फेऱ्यात २०० पायऱ्या आहेत असं धरू. १० हर्ट्झच्या हिशोबाने एका फेऱ्यात २ किलोहर्ट्झ होतात. ४१ मीटरचा पट्टा ७२०० ते ७४५०, म्हणजे २५० किलोहर्ट्झचा. तो ओलांडायला १२५ फेरे. मनगट गेलंच म्हणून समजा.

म्हणून चांगल्या रिसिव्हरमध्ये वेग बदलायची सोय असते. काहींत वेगळं बटण दाबून पायरी बदलते. काहींत तुम्ही भराभर फिरवलं की पायरी आपोआप मोठी होते आणि हळू झालात की लहान. यात जमून आलेला रिसिव्हर हाताला लगेच कळतो. फसलेला असेल तर स्टेशन जवळ आलं म्हणता म्हणता पुढे निघून जातं.

बटणं जास्त बरी की कमी?

यंत्र माणसाच्या हाताला, डोळ्याला आणि मानेला सोयीचं कसं करायचं, या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. शॉर्टवेव्हमध्ये ते का लागतं, हे एका प्रसंगावरून बघू.

संध्याकाळी ४१ मीटरवर एक क्षीण स्टेशन लागलंय. शेजारी ५ किलोहर्ट्झवर एक धिप्पाड स्टेशन ठणाणा करतंय. तुम्हाला एकापाठोपाठ एक कामं करायची आहेत. फिल्टर ६ वरून ४ किलोहर्ट्झवर आणायचा, म्हणजे शेजाऱ्यासाठी दार थोडं लोटून घ्यायचं. मग 'पासबँड'चं बटण फिरवून ते दार शेजाऱ्यापासून लांब सरकवायचं. शिट्टी येत असेल तर 'नॉच'ने ती कापायची. आवाज वरखाली होऊन फाटत असेल तर 'सिंक' चालू करायचं. आणि हे सगळं स्टेशन बुडायच्या आत. शॉर्टवेव्ह आकाशातल्या आयनोस्फिअरवरून परतून येते आणि तो थर सतत हलत असतो. स्टेशनचं नाव सांगितलं जातं ते काही सेकंदांत. तेवढ्यात तुम्ही मेनू उघडून बसलात, तर नाव निघून गेलेलं असतं.

यावर कंपन्यांची उत्तरं वेगवेगळी निघाली.

अमेरिकेच्या ड्रेक कंपनीचा आर८ हा १९९० च्या दशकातला नावाजलेला रिसिव्हर. त्याचे पाच फिल्टर आणि पासबँडचं स्वतंत्र बटण लोकांनी डोक्यावर घेतलं. पण पहिल्या आवृत्तीत हवा तो फिल्टर येईपर्यंत एकच बटण पुन्हापुन्हा दाबावं लागायचं. तक्रारी झाल्या आणि पुढच्या आर८ए मध्ये त्यासाठी स्वतंत्र बटणं आली. आतला रेडिओ आधीही चांगलाच होता. सुधारणा झाली ती बोटांसाठी.

एओआर कंपनीचा ब्रिटनमध्ये बनलेला एआर७०३० बरोबर उलट. पुढच्या बाजूला मोजकी बटणं, बाकी सगळं मेनूत. गोंगाटातून क्षीण स्टेशन उपसून काढण्यात त्याची गणना सर्वोत्तमांत होते. पण त्याच्या मेनूबद्दल दर्दी मंडळींचे आजही दोन तट आहेत. एकाला तो सुटसुटीत वाटतो, दुसऱ्याला डोकेदुखी.

जपानच्या आयकॉमचा आयसी-आर८६०० हा २०१७ चा. त्यात टचस्क्रीनवर आख्खा पट्टा रंगीत धबधब्यासारखा दिसतो. कुठे स्टेशन आहे ते आधी डोळ्यांना कळतं, मग कानांना. पण टचस्क्रीन देऊनही कंपनीने मोठं गोल बटण काढलं नाही. पडद्यावर बोट ठेवून जवळपास पोचता येतं, शेवटचे १०-२० हर्ट्झ मात्र बटणानेच गाठावे लागतात.

सातारा-सांगलीत याचं आज काय?

पहिली गोष्ट म्हणजे गोंगाट. एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, मोबाइलचे स्वस्त चार्जर हे सगळे शॉर्टवेव्हवर खरखर ओततात. सांगली-मिरजेच्या भर वस्तीत जे स्टेशन बुडून जाईल, ते माण-खटावच्या एखाद्या वाडीवर स्वच्छ मिळू शकतं. आसपास यंत्रं कमी असली की खरखरही कमी. वळवाच्या दिवसांत मात्र कडकडाट सगळीकडे सारखाच.

दुसरी गोष्ट जवळच्या केंद्राची. मिडियम वेव्हचं ताकदवान केंद्र शेजारी असेल आणि तुम्ही गच्चीवर लांब तार टाकलीत, तर स्वस्त रेडिओ गुदमरतो आणि नको तिथे तेच केंद्र वाजायला लागतं. अशा वेळी 'प्रीसिलेक्टर' कामी येतो. आपल्याला हवा तेवढाच पट्टा आत सोडणारा हा राखणदार. एफआरजी-७ वर त्याचं वेगळं बटणच आहे.

तिसरी गोष्ट पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. वीज गेली, रस्ते तुटले की मोबाइलचे टॉवर किती वेळ टिकतील याचा भरवसा नसतो. वॉकीटॉकीच्या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र वर आकाशात जाऊन काहीशे किलोमीटरच्या परिसरात खाली उतरतात. सह्याद्री मध्ये आला तरी त्यांना फरक पडत नाही. हॅम मंडळी आपत्तीच्या तयारीत हा पट्टा हाताशी ठेवतात ते यामुळे. अशा वेळी समोरचा माणूस बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या संचावरून क्षीण आवाजात गावाचं नाव सांगत असतो. ते नाव नीट कळणं बारीक ट्युनिंगवर अवलंबून असतं.

गंमत बघा. काँग्रेस रेडिओचे ४२.३४ मीटर म्हणजे आजच्या भाषेत साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. ही जागा आता हॅमच्या ७ ते ७.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येते. अर्थात तिथे बोलायचं असेल तर परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो.

जुना रिसिव्हर घ्यायचाय? आधी हे बघा

यातले बरेचसे रिसिव्हर आता फक्त सेकंड हँड मिळतात आणि किमती चांगल्याच असतात. व्यवहार करण्याआधी एवढं तपासा.

- बटण एकेक पायरी फिरवा. आकडा पुढे जाता जाता मागे उडी मारत असेल, तर आतला एन्कोडर झिजलाय. जुन्या डिजिटल संचांचं हे नेहमीचं दुखणं.
- बटण सोडून द्या. ते जागेवर राहिलं पाहिजे. जास्त सैल असेल तर टेबलाला धक्का लागला तरी स्टेशन हलतं. बऱ्याच संचांत ते घट्ट-सैल करायची सोय असते.
- अर्धा तास फिरवत बसा. मनगट टेबलावर टेकतंय का? बटणावर बोटासाठी खळगा आहे का? पुढचे पाय उंच करता येतात का? मान वाकवून आकडे वाचावे लागत असतील तर महिन्याभरात संच कपाटात जाईल.
- लिहिता हात मोकळा राहतो का? ऐकता ऐकता वेळ आणि फ्रिक्वेन्सी टिपायची असते. एका हाताने ट्युनिंग, दुसऱ्याने वही, हे जमलं पाहिजे.
- फिल्टर बदलून बघा. एका दाबात होतं की पाच? न बघता होतं का?
- डायल संच असेल तर बटण उलटसुलट फिरवा. दिशा बदलल्यावर काटा उशिरा हलत असेल, तर दोरी किंवा गिअर सैल आहेत.

आणि खिशाला हात न लावता चव घ्यायची असेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसिव्हर इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला आहे. मोबाइलवरून तो ट्यून करता येतो, पट्टा धबधब्यासारखा डोळ्यांसमोर दिसतो. पण सिंगल साइडबँडवरचा एखादा आवाज अंगठ्याने स्क्रीनवर ढकलून नीट लावून बघा. दोन मिनिटांत लक्षात येईल, की इतका सगळा पडदा हाती आल्यावरही लोक एका गोल बटणासाठी एवढे पैसे का मोजतात.

बीबीसीची हिंदी शॉर्टवेव्ह सेवा जानेवारी २०२० च्या अखेरीस थांबली. इतरही कित्येक केंद्रं बंद पडत चालली आहेत. उरलेली बरीचशी लांबची आहेत, क्षीण आहेत आणि क्षणभरच वर येतात. म्हणजे ऐकण्यासारखं जितकं कमी होतंय, तितकं ते पकडणाऱ्या हाताचं आणि त्या हाताखालच्या बटणाचं महत्त्व वाढतंय.